बोट घ्यायच्या आधी रस्ता मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव, २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत वेढा पडलेलं. तरुण मंडळानं वर्गणी काढून दोन लाखांच्या आसपास पैसे जमवलेत. त्यातून यांत्रिक बोट घ्यावी का? आणि सांगूनही लोक वेळेत घर सोडत नाहीत, त्याला काय करावं?

बोट घेऊ नका. निदान यंदा तरी नको. कारण सांगतो, जरा लांबण लागेल.

मी २००५ च्या पुरात शिध्याची पाकिटं वाटायला म्हणून या कामात आलो आणि इथेच राहिलो. कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या गावांबरोबर बसून आराखडे करणं, रंगीत तालीम घेणं, पूर ओसरल्यावर काय चुकलं ते बघणं हा माझा उद्योग. माझे काही आराखडे साफ फसले आहेत. त्यातला एक तर फारच देखणा होता: नकाशा, २१ जणांची समिती, सगळ्यांचे फोन नंबर, सगळं लॅमिनेट करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. २०१९ ला पाणी आलं तेव्हा सगळ्यात आधी ग्रामपंचायतीचं ऑफिसच पाण्यात गेलं. निवाऱ्यासाठी धरलेल्या शाळेची किल्ली ज्या शिपायाकडे होती, तो पलीकडच्या गावात अडकला. तेव्हापासून मी नकाशाआधी किल्लीची चौकशी करतो.

तुमचे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. बोट लागते ती लोक आधी निघाले नाहीत म्हणून. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसं गेली. तिथे बोट होती, चालवणारेही होते. पण पाण्यानं वेढल्यावर ज्याला त्याला त्याच फेरीत जायचं असतं, आणि काठावर उभ्या बाईला ‘तुम्ही पुढच्या फेरीला’ असं सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. गावातली बोट आणखी एक घोळ करते. ‘बोट आहे की, बघू उद्या’ असं म्हणत लोक एक रात्र जास्त थांबतात. शिवाय इंजिन अकरा महिने कापडाखाली पडून राहतं, कार्बोरेटर चोंदतो आणि नेमक्या वेळी दोरी ओढून ओढून खांदे जातात.

आता लोक का निघत नाहीत ते बघू. बाहेरून आलेला अधिकारी याला अडाणीपणा म्हणतो, मला तसं कधी दिसलं नाही. ज्यांना ज्यांना मी विचारलं त्यांच्याकडे हिशेब होता. फक्त त्यातला एक आकडा चुकलेला होता.

२०१९ ला तो आकडा २००५ चा होता. ‘पाच साली पाणी तिसऱ्या पायरीला आलं होतं, त्याच्या वर कधी गेलं नाही’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं त्याची गणती नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आत राहिलं होतं, २०१९ ला ते साडेसत्तावन्नच्या आसपास गेलं. म्हणजे पायरीवर थांबलेलं पाणी छातीला आलं. ज्यांनी २००५ पाहिलाच नव्हता ते भाडेकरू भिऊन आधी निघाले. जुने जाणते म्हणवणारे माडीवर अडकले.

आणि आता २०१९ ची खूण तेच काम करायला बसली आहे. गावोगाव भिंतीवर ‘महापूर २०१९’ अशी रेघ ओढलीय. ती रेघ आठवणीला चांगली आहे, पण नदीनं काही ती मान्य केलेली नाही. दोन वर्षांत, २०२१ ला, कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर पुन्हा ५५ फूट ओलांडलेच. फरक एवढाच की २०१९ चा पाऊस दिवसेंदिवस चालला होता आणि २०२१ चा दोन-तीन दिवसांत कोसळला. त्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं होतं की मध्य भारताच्या पट्ट्यात, पश्चिम किनाऱ्यापासून पुढे, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. हवामानबदलाचा आपल्या गावापुरता अर्थ मी एवढाच काढतो: तयारीला मिळणारे तास कमी होत चाललेत आणि जुनी खूण ही मर्यादा धरता येत नाही. निवाऱ्याची जागा निवडताना २०१९ च्या रेघेच्या वर किमान तीन-चार फूट धरा.

आता मुद्द्याचं काम. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण मंडळातली दहा पोरं आणि एक मे महिना लागेल.

पावसाळ्यात पाटबंधारे विभागाची नदीवरच्या मोजपट्ट्यांची पाणीपातळी रोज आपल्या फोनवर येते: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर, शिवाय सांगली आणि अंकली. राधानगरी धरणाचा कितवा दरवाजा उघडला हेही पाच मिनिटांत गावभर होतं. पण ‘नृसिंहवाडीला एवढे फूट’ म्हणजे माझ्या उंबऱ्याला किती, हे कुणालाच माहीत नसतं. राजारामची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आयर्विनची ४० आणि ४५. हे आकडे त्या त्या जागेचे आहेत. तुमच्या घराला धोका कितीला सुरू होतो, ते तुम्हीच काढायचं.

रीत सोपी आहे. साचलेलं पाणी सपाट असतं, म्हणून २०१९ ची रेघ गावात जिथे जिथे उमटली तिथे ती जवळपास एकाच पातळीत आहे. एखाद्या घराच्या उंबऱ्यापासून ती रेघ किती उंच आहे ते टेपनं मोजा. त्या पुरात तुमच्या जवळच्या मोजपट्टीवर सर्वोच्च आकडा किती होता, तो पाटबंधाऱ्याच्या शाखेतून लिहून आणा. त्यातून उंची वजा केली की झालं. उदाहरण आयर्विनचं घेऊ. तिथे साडेसत्तावन्न फूट असताना एखाद्या घरात उंबऱ्यावर सहा फूट पाणी होतं, तर त्या घराचा आकडा साडेएक्कावन्न. आयर्विनला साडेएक्कावन्न म्हणजे यांच्या दारात पाणी. हा आकडा त्या घराच्या चौकटीवर ऑइलपेंटनं लिहा, साल लिहू नका. जिथे रेघ पुसलीय तिथे गवंड्याची लेव्हल नळी घेऊन शेजारच्या भिंतीवरची पातळी आणता येते.

२०२१ च्या रेघेनं हेच गणित पुन्हा करून बघा. दोन्ही उत्तरं जुळली तर आकडा पक्का. अर्धा-एक फुटाचा फरक आला तर लहान आकडा धरा. तुमच्याकडे फरक येण्याची शक्यता जास्त, कारण शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी आहे. कधी कृष्णा आधी फुगते आणि पंचगंगेला मागे रेटते, कधी उलटं होतं. फुगीचं पाणी आणि वाहतं पाणी यांचं गणित थोडं वेगळं चालतं. त्यामुळे सांगली किंवा राजाराम यांपैकी एकावरच विसंबू नका. संगमाजवळचं गाव असेल तर नृसिंहवाडीची पट्टी तुम्हाला जास्त खरी, संगमाच्या बऱ्याच खाली असाल तर राजापूरची.

घरांचं झालं की खरी मोजणी रस्त्याची. गाव बुडायच्या आधी रस्ता बुडतो, आणि आराखड्यांत हे नेहमी सुटतं. मीही दोन-तीन वर्षं सोडलं होतं. गावठाण उंचावर असतं, पण गावाबाहेर पडणारा रस्ता ओढ्यावरच्या मोरीपाशी खोल जातो. मोरीवर पाणी आलं की घरं कोरडी असूनही गावाचं बेट होतं. तेव्हा मोरीचा आकडाही त्याच रीतीनं काढा आणि गावातल्या सगळ्यात खालच्या घराच्या आकड्याशेजारी लिहा. एका गावात या दोन आकड्यांत चार फुटांचं अंतर निघालं. म्हणजे पहिल्या घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी बाहेर पडायची वेळ संपत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते गाव पहिल्या घराकडे बघत बसलं होतं. मोरीचा आकडा हीच तुमची शेवटची घटका. तिथून तास उलटे मोजायचे.

किती तास? ते तालमीशिवाय कळत नाही. रंगीत तालीम म्हणजे फोटोपुरता शिट्टी वाजवणं नव्हे, खरोखर जनावरं सोडून माळावर नेऊन बांधणं. एका गावात आम्ही जनावरांना दोन तास धरले होते, लागले साडेपाच. पाणंद चिखलाची होती, दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि नवी व्यालेली म्हैस रेडकाशिवाय हलेना.

जनावरांवर थांबतो जरा, कारण माझ्या मते वेळेत न निघण्याचं सगळ्यात मोठं कारण गोठ्यात आहे. ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत त्याला ‘जीव वाचवा, चला’ म्हणणं सोपं आहे. त्याचं घर त्या दुधावर चालतं, आणि दोन वेळा धार काढली नाही तर कासेचा दाह होऊन म्हैस कामातून जाते. मग तो बायकापोरांना पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. पुढे त्याच्यासाठी बोट लागते. ‘जनावरं सोडून द्या’ असली सूचना कितीही वेळा भोंग्यावरून द्या, कुणी ऐकणार नाही आणि ऐकू नयेच.

यावर मला एकच गोष्ट लागू पडलेली दिसली. दूध संस्थेला आधीच गाठायचं. छावणी जिथे करणार त्या माळावर पहिल्या दिवसापासून संकलन होईल, गाडी तिथे येईल, दुधाचं बिल चालू राहील, असं संस्थेकडून गावसभेत वदवून घ्या. ज्या वर्षी हे झालं त्या वर्षी लोकांनी सांगायच्या आधी जनावरं हलवली. जोडीला वैरण. पुरात चारा मदत म्हणून येतो, ट्रकच्या ट्रक येतात, पण तिसऱ्या दिवसानंतर. पहिले दोन दिवस काहीच नसतं. मेमध्ये मुरघासाच्या (हिरवा चारा दाबून मुरवलेल्या) बॅगा भरून माळावरच्या एखाद्याच्या शेडमध्ये ठेवा. ऊस असेल तर वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळेल, पण पाण्यात गेलेल्या फडातलं वाडं घालू नका. आणि प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे ना ते बघा. गर्दीत ओळख पटते, आणि दुर्दैवानं जनावर गेलंच तर पंचनाम्याला वाद राहत नाही.

दुसरं कारण चोरीचं. याला उपाय म्हणजे मंडळाच्या पोरांची नावानिशी गस्त, पण माळाच्या बाजूनं आणि मोरीचा आकडा येईपर्यंतच. त्यानंतर गस्तही बाहेर. तिसरं कारण बायका बोलत नाहीत, पण आशाताईंना विचारा: निवाऱ्याच्या शाळेत दोनशे माणसांना दोन संडास असतात. तरण्या मुली असलेलं घर त्यामुळे शेवटपर्यंत निघत नाही. दोन लाखांतला एक मोठा वाटा मी फिरत्या संडासांवर, आडोशावर आणि दिव्यांवर घालीन. बोटीइतकं ते मिरवता येत नाही, हे खरं.

निर्णय कुणी घ्यायचा? यावर वाद होतो, म्हणून तो मेमध्येच गावसभेत घ्यायचा आणि आकड्यावर सोपवायचा. अमुक पट्टीवर अमुक फूट झालं की जनावरं. आणखी तीन फूट चढलं की म्हातारी माणसं, गरोदर बायका, डायलिसिसवाले. मोरीच्या आकड्याला पोहोचायच्या सहा तास आधी सगळे. सरपंचाला अंदाजानं ठरवायला लावलं की तो बिचारा थांबतो, कारण पाणी नाही आलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत टिंगल होते. काही वर्षी पाणी दारात न येता परत जाईल, हे तेव्हाच सांगून ठेवा. त्या वर्षाला आम्ही तालमीचं वर्ष म्हणतो. पोलीस पाटील, तलाठी, तहसीलदार यांना ठरावाची प्रत द्या आणि प्रशासनाचा आदेश आधी आला तर तोच पाळा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोकणातलं कुणी हे वाचून फसेल. वरचं सगळं गणित कृष्णाकाठचं आहे, जिथे पाणी इंचाइंचानं चढतं आणि तुम्हाला दिवस मिळतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठी काही तासांत बाजारपेठेत शिरली. तिथे वरच्या पट्टीचे आकडे बघत बसायला सवडच नसते. त्याच दिवशी महाडजवळ तळियेला दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. दरडीला तर मोजपट्टीच नाही. तिथे डोंगरातली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, तिरकी झालेली झाडं आणि दिवसभराचा पाऊस एवढ्याच खुणा. उताराखालच्या वाडीनं शंका आली की रात्र काढायची नाही.

कायमचं स्थलांतर, पूररेषेच्या आतली बांधकामं, अलमट्टी धरणाची उंची यावर मी मुद्दाम काही लिहीत नाही. ते प्रश्न मोठे आहेत, भांडलंच पाहिजे, पण येत्या जुलैच्या आत तुमच्या मंडळाच्या हातात ते नाहीत.

पूर ओसरल्यानंतरचं मात्र हातात आहे, आणि गाव मोडतं ते बहुतेक तेव्हाच. पंचनामा सातबारा आणि घराचा उतारा बघून होतो. वाट्यानं शेती करणारा, भाड्यानं राहणारा, रोजंदारीवरचा, यांच्या नावावर काहीच नसतं. महिनाभर मजुरी बंद, भांडी वाहून गेलेली, आणि यादीत नाव नाही. मग सावकार. तुमच्या दोन लाखांतले पन्नास हजार बचत गटांकडे बिनव्याजी उचल म्हणून ठेवा, फक्त अशा घरांसाठी. नियम आत्ताच लिहा, पुरानंतर लिहायला बसलात तर भांडणं होतील. मेमध्ये प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा, भाडेकरूंचेसुद्धा. विहिरी आणि टाक्यांसाठी टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर उंच जागी कोरडी ठेवा आणि गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाशिवाय आणखी दोघांना ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी, शिकवा. पुरात नेमका जलसुरक्षकच पाहुण्यांकडे गेलेला असतो, हा माझा अनुभव आहे. चिखल काढताना गमबूट, आणि पायाला जखम असेल तर आरोग्य केंद्रात दाखवणं. लेप्टोचा (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) ताप अंगावर काढू नये.

म्हणजे पैशाचा हिशेब साधारण असा लागतो: उचलीचे पन्नास हजार बाजूला, मोठा वाटा निवाऱ्यावरच्या संडास-दिव्यांना, मग मुरघास, मग रंग, टेप, भोंग्याची बॅटरी, दोर आणि वीस लाइफ जॅकेट. जॅकेट बोटीशिवायही कामाला येतात. गस्तीच्या पोरांना घाला. गुऱ्हाळाची काहील (गूळ करायची मोठी कढई) घेऊन पाण्यात उतरायची आपल्याकडे जुनी खोड आहे, ती निदान जॅकेट घालून तरी होईल. (उतरू नयेच. पण उतरतात, मला माहीत आहे.)

बोट कधी घ्यावी? गावाला दोन वस्त्या असतील आणि मधला रस्ता दरवर्षी तुटत असेल, चालवणारे चौघे शिकलेले असतील, क्षमता बोटीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असेल आणि महिन्यातून एकदा इंजिन चालू करणारा एक नावानिशी माणूस असेल, तर जरूर घ्या. एवढं जमायला मला वाटतं दोन पावसाळे जातील. तोवर बोटीची गरज पडली तर म्हणून तहसीलदारांकडे मागणी आधीच लेखी देऊन ठेवा.

या रविवारी टेप घेऊन मोरीवर जा. मोरीचा आकडा आणि सगळ्यात खालच्या घराचा आकडा, हे दोन मला कळवा. सोबत जनावरांची संख्या आणि माळ किती लांब आहे तेही लिहा. मग तुमच्या गावाला किती तास मिळतात ते बसून काढू.